तो तलाव नव्हता, बाबा

प्रिय बाबा,

येत्या रविवारी तुम्हाला जाऊन एक वर्ष होईल, आणि त्या दिवशी मला तुमच्या जागी उभं राहायचं आहे. हातात माईक, मागे पडदा, समोर आपली सगळी माणसं. त्याआधी एक गोष्ट तुमच्याशी बोलून घ्यायला हवी. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही. वाटायचं, जाऊ दे, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्यांना टोकायचं. आता ती एवढीशी राहिलेली नाही.

कार्यक्रम मंडळाच्या मेश्राम भाऊंनी ठरवला. भाषणं कमी करायची आणि तुमचा तो रशियन सिनेमा दाखवायचा. तुमच्या पत्र्याच्या पेटीत उरलेलं एकुलतं एक रीळ मी रायपूरला नेलं आणि त्याची नवी प्रत करून आणली. अठरा मिनिटांचा सिनेमा, बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर मावला. मेश्राम भाऊ म्हणाले, "ताई, तुमी फक्त बाबासारखं सांगून द्या. तलाववाला सिनेमा म्हटलं का आजही म्हातारे लोक काठी टेकत येतात जी."

तलाववाला सिनेमा. हे नाव तुम्ही दिलेलं, बाबा. सिनेमाचं खरं नाव आपल्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हतं.

मी तेव्हा आठ वर्षांची असेन. तुम्ही पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होतात. प्लांटमधल्या रशियन साहेबांच्या क्लबातलं सिनेमाचं यंत्र बिघडलं, तुम्ही ते दुरुस्त करून दिलं, आणि त्या ओळखीवर महिन्यातून एक शनिवार ते यंत्र तुम्हाला मिळायला लागलं. सोबत रिळांचे डबे. त्यांच्या सरकारनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढलेले माहितीपट. सेक्टर 2 च्या मैदानात दोन बांबूंमध्ये चादर ताणली जायची आणि दिवेलागणीनंतर क्वार्टरांची अख्खी लाइन आपापलं बसायचं बसकर घेऊन हजर व्हायची.

पहिल्या दिवशी लोकांनी पाच मिनिटं रशियन ऐकलं आणि मग गप्पा मारायला सुरुवात केली. तुम्ही यंत्राचं बटण फिरवून आवाज पार बंद केलात, विहारातून आणलेला माईक तोंडाशी धरलात आणि म्हणालात, "हे पाहा जी, हे त्याइचं गाव हाये. आन हा जो धूर दिसून राहिला, थो चुलीचा नाही."

मैदान गप्प झालं. तुमची सांगण्याची पद्धत त्या एका वाक्यात ठरून गेली.

तुम्हाला रशियन येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तुम्ही सांगायचात आणि लोक ऐकायचे. बर्फातले सैनिक दिसले की, "ह्याइले आपल्यावानी ऊन भेटत नाही, म्हनून तोंडं पाहा कशी पांढरी पडली." नकाशा आला, त्यावर काळे-पांढरे बाण सरकायला लागले की, "बान म्हंजे फौज. जाड बान आपला, बारीक बान दुश्मनाचा." मागून कुणीतरी ओरडायचं, "आपला म्हंजे कोनाचा गा, गंगाधर?" आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, "ज्याचा सिनेमा, त्याचा."

त्यानंतर मी किती देशांचे सरकारी युद्धपट पाहिले. त्या सगळ्यांचा निकाल तुम्ही त्या एका वाक्यात लावून टाकला होता. मग त्याच सिनेमात तुम्हीच कसे अडकलात?

तुम्ही अडकलात ते दृश्य असं होतं. उघडं माळरान. डोक्याला रुमाल बांधलेल्या शेकडो बाया रांगेत उभ्या, हातात फावडी. दोघी-दोघी मिळून लाकडाच्या पाटीवर माती वाहून नेताहेत. खड्डा लांबच लांब, कंबरेहून खोल. तुम्ही पहिल्यांदा पाहिलात तेव्हा क्षणभर थांबलात, आणि मग तुमचा आवाज बदलला. एरवी अंदाजानं बोलायचात. इथे खात्रीनं बोललात. "हे तं तलावाचं काम हाये. दुष्काळ पडला असन त्याइच्या इकडे. पाहा, कसे आपल्या बायाइवानी डोके बांधले."

पुढे बसलेल्या बाया एकदम वाकून बघायला लागल्या. भंडाऱ्याकडून, गोंदियाकडून आलेली घरं ती. तलावाचं काम म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दृश्यानंतर लगेच पडद्यावर नदी येते, रुंद, बर्फ फुटून वाहणारी. तुम्ही म्हणालात, "लागलं पानी."

सुभद्राकाकू उठून उभी राहिली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

शेजारच्या क्वार्टरमधली आपली काकू. तिची आई दुष्काळात तलावाच्या कामावर माती वाहताना खाली बसली आणि उठली नाही. तो तलाव अर्धाच राहिला. सिनेमा संपल्यावर ती तुमच्याजवळ येऊन म्हणाली, "आमचा नाही झाला, गंगाधर. त्याइचा तं झाला." त्यानंतर दर महिन्याला ती आधी विचारून घ्यायची, "आपल्या बायाइचा सिनेमा हाये ना या खेपेस?"

आणि मग गालिना मॅडमचा तो रविवार. तुम्हाला आठवत असणारच.

यंत्र परत करायला आपण सायकलवरून क्लबात गेलो होतो. यंत्र कॅरियरवर, मी पुढच्या दांडीवर. गालिना मॅडम रशियन साहेबांच्या दुभाषी. त्यांचं हिंदी इतकं शुद्ध की तुम्ही त्यांच्याशी बोलण्याआधी कॉलर नीट करायचात. आदल्या संध्याकाळी त्या मैदानात येऊन मागे उभं राहून सिनेमा बघून गेल्या होत्या.

"गंगाधर जी, कल फावड़े वाली महिलाओं को देखकर सब ताली क्यों बजा रहे थे? आपने क्या कहा था?"

तुम्ही सांगितलंत. अभिमानानंच सांगितलंत. त्या खुर्चीवर बसल्या.

"वह तालाब नहीं है। शहर के बाहर की खाई है, दुश्मन की फ़ौज को रोकने के लिए। मेरी मौसी वहाँ खोदने गई थीं। सत्रह साल की थीं।"

"फिर?"

"फिर उनकी चिट्ठी नहीं आई।"

तुम्ही हात जोडलेत. "माफ करना बहनजी. हमको समझा नहीं."

"माफ़ी की बात नहीं है। अगली बार सही बता दीजिएगा।"

"बताऊंगा," तुम्ही म्हणालात. परत येताना मी दांडीवरून मान वळवून विचारलं, "बाबा, आता खरं सांगान ना?" तुम्ही म्हणालात, "हो. सांगाच लागन."

पुढच्या महिन्यात मी वाट पाहत बसले. माळरान आलं. फावडी आली. तुम्ही थांबलात. मी वर तुमच्या तोंडाकडे बघत होते आणि तुम्ही समोर बघत होतात, जिथे सुभद्राकाकू पुढच्या रांगेत मांडी घालून बसली होती. मग तुम्ही म्हणालात, "हे पाहा, तलावाचं काम."

त्यानंतर वर्षानुवर्षं तेच. गालिना मॅडम पुन्हा कधी मैदानात दिसल्या नाहीत. काही वर्षांनी रशियन लोक परत गेले. तो डबा मात्र आपल्याकडे राहिला.

तुम्ही असं का केलंत हे मला कळत नाही असं नाही, बाबा. काकूच्या तोंडावरचं ते हसू मीही पाहिलं आहे. पण तुम्ही शब्द दिला होता. आणि ज्या बाईला दिला होता, तिचं माणूस त्या खड्ड्यात गेलं होतं.

शेवटच्या महिन्यात तुम्ही मला दोनदा विचारलंत, "रीळ बराबर हाये ना?" मी दोन्ही वेळा "हो बाबा, आहे" म्हणून औषध द्यायला वळले. तुम्हाला पुढे काही बोलायचं होतं का? मी स्टूल ओढून बसले असते तर बोलला असतात का? हे मला कुणीच सांगू शकणार नाही.

नवी प्रत हातात आली तेव्हा मी पहिल्यांदा त्या सिनेमाचा आवाज ऐकला. इतक्या वेळा पाहिलेला सिनेमा, पण आवाज कधी ऐकलाच नव्हता. तुम्ही तो नेहमी बंद ठेवायचात. फावडीवाल्या बाया आल्या आणि मागे गाणं सुरू झालं. बायकांचं समूहगान, उत्साहाचं, पावलं टाकत चालावं असं. प्लांटमधून निवृत्त झालेल्या, तरुणपणी रशियन शिकलेल्या एका काकांकडून मी शब्द लिहून घेतले. निवेदक म्हणतो की शहरातल्या आया आणि लेकी गात गात बाहेर पडल्या आहेत, शत्रू इथून पुढे येणार नाही.

मी तो तुकडा पुन्हा पाहिला. मग आवाज बंद करून पाहिला. बाबा, त्यातल्या एकीचंही तोंड हलत नाही. एक जण कॅमेऱ्याकडे बघते, नजर काढून घेते आणि मनगटानं नाक पुसते. दुसरी फावड्याच्या दांड्यावर कपाळ टेकून उभी आहे. कुणीही गात नाही. गाणं नंतर कुठेतरी बंद खोलीत गाऊन वरून लावलेलं.

म्हणजे भाषा न येता तुम्ही जे पाहिलंत, त्यातलं अर्धं खरं होतं. या बाया थकलेल्या आहेत, उपाशी आहेत, कुणीतरी त्यांना रांगेत उभं केलं आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ते ओळखायला आपल्या माणसांना निवेदक लागत नाही. पण उरलेलं अर्धं? त्यांच्या सरकारनं त्यांच्या तोंडात गाणं घातलं. तुम्ही त्यांच्या हाताला तलाव लावून दिलात. दोन्ही गोष्टी ऐकायला गोड. आणि दोन्हीत त्या बायांचं पुढे काय झालं हे विचारायची कुणाला गरज पडत नाही.

आज मैदानात चादर लावावी लागत नाही. दूर कुठेतरी युद्ध चालू असतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा तुकडा आपल्या घरच्या ग्रुपवर येऊन पडतो. मागे ढोल, वर झेंडा, कोसळणाऱ्या इमारतीवर कुणीतरी वीररसातलं गाणं चढवलेलं. कधी चित्र एका देशाचं असतं आणि नाव दुसऱ्या देशाचं. मीही एकदा असा तुकडा चार जणांना पाठवून दिला होता. तो भलत्याच जुन्या लढाईचा निघाला. मी गुपचूप माझ्या फोनमधून पुसून टाकला, पण त्या चौघांना सांगितलं नाही. तुमची लेक आहे मी, दुसरं काय.

म्हणून ठरवलं की रविवारी खरं सांगायचं. पण सगळ्यांसमोर सांगण्याआधी सुभद्राकाकूला सांगायला हवं होतं. तिला भर सभेत ते ऐकावं लागणं बरं नव्हतं.

ती आता लेकाकडे असते, सेक्टर 2 मध्येच. परवा दुपारी गेले तर सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये वो सुनी. बाप गेल्यापासून तुले रस्ता सापडत नाही वाटते इकडचा."

मी बसले. पाणी प्यायले. मग म्हटलं, "काकू, सिनेमातला तो तलाव नव्हता."

"कोनता?"

"बाबाच्या सिनेमातला. तो लढाईचा खंदक होता. दुश्मनाचे रणगाडे अडवायला खोदलेला."

तिनं सूप हलवणं थांबवलं नाही. "तुले कोनं सांगतलं? त्या मोबाइलनं?"

"नाही. रशियन येणाऱ्या एका काकांनी. आणि त्याच्याही आधी, मी लहान होते तेव्हा, क्लबातल्या एका बाईनं."

आता सूप थांबलं. "तू लहान होती तवा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग गंगाधरले माहीत होतं?"

बाबा, इथे मी खोटं बोलू शकले असते. एक "नाही" पुरलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तिनं सुपातली डाळ हातानं सपाट केली. मग म्हणाली, "म्हंजे मी दर खेपेस टाळ्या वाजवत होती, आन थो मले पाहून राहिला होता."

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"जिता असता तं असं सुनावलं असतं त्याले. लहान लेकरू समजला का मले? माझी माय डोळ्यासमोर गेली, थे मी सहन केलं. एक सिनेमा नसता झाला सहन?" तिनं पदरानं तोंड पुसलं. मग एकदम विचारलं, "त्या बायाइचं काय झालं मंग?"

"माहीत नाही काकू."

"सिनेमात नाही सांगत?"

"नाही. त्यांच्यानंतर नदी दाखवतात. मग मोठे साहेब, नकाशा, शेवटी जिंकल्याची मिरवणूक."

"मिरवनुकीत थ्या दिसतात का?"

मी पुन्हा आठवून पाहिलं. रणगाडे आहेत, घोडे आहेत, टोप्या हवेत उडवणारे सैनिक आहेत. "नाही," मी म्हटलं.

"खोदून घेतलं आन हजेरीबी नाही घेतली." ती हसली, पण हसण्यात मजा नव्हती. "सरकारी काम साऱ्या दुनियेत सारखंच वो." मग सूप बाजूला ठेवलं. "आयतवारी मी येतो. पन तू अर्धं सांगू नको. बापानं अर्धं सांगतलं, सिनेमानं अर्धं सांगतलं. जे माहीत नाही, थे माहीत नाही म्हनून सांग. कोनाची लाज हाये तुले?"

लाज होती, बाबा. तुमचीच.

घरी येऊन मेश्राम भाऊंना फोन केला. ते बिचारे गडबडले. "ताई, श्रद्धांजलीचा दिवस हाये. त्याच दिवशी बाबाची चूक कावून काढता? लोकाइच्या मनात त्याइचं एक नाव हाये. नंतर कधी लेख लिहून टाका ना." मी म्हटलं, "भाऊ, बाबांनीही असंच केलं असणार. पुढच्या महिन्यात सांगू, त्याच्या पुढच्या महिन्यात सांगू." त्यांनी लेखाचं पुन्हा काढलं नाही. मग म्हणाले, "आईले विचारलं का?"

आईला विचारलं. ती देव्हाऱ्यासारखी जपते तुमची आठवण, तुम्हाला माहीत आहे. मला भीती तिचीच होती. ती बाबासाहेबांच्या फोटोखालची उदबत्ती नीट करत होती. म्हणाली, "मले माहीत होतं. तुझ्या बाबानं मले त्याच रात्री सांगतलं होतं. दर खेपेस यंत्र घेऊन निंगताना म्हनायचा, आज सांगून टाकतो. आन घरी येऊन जेवायचा नाही."

ते मला माहीत नव्हतं, बाबा. सिनेमाच्या दिवशी तुम्ही न जेवता झोपायचात, तेव्हा मला वाटायचं दमला असाल.

"मंग सांगू का मी?" मी विचारलं.

"सांग. पन बापाची चुगली केल्यासारखं नको सांगू. त्याचं राहिलेलं काम केल्यासारखं सांग."

राग अजून थोडा आहे, तो लपवत नाही. तुम्ही आम्हाला आवाज बंद करून बघायला शिकवलंत. सरकार कुठलंही असो, त्याच्या गाण्याखाली माणसांची तोंडं बघायची, हे मी तुमच्याकडूनच शिकले. आणि त्याच हातानं तुम्ही एक खोटं आमच्या हाती दिलंत. मी यातली पहिली गोष्ट ठेवून घेणार आहे आणि दुसरी परत करणार आहे. यावर तुम्ही रुसलात तरी चालेल.

तर बाबा, वचन देते, आणि हे मी पुढच्या महिन्यावर ढकलणार नाही. रविवारी मी सिनेमा तुमच्या पद्धतीनं सांगेन, आपल्या बोलीत, नकाशातल्या जाड बाणासकट. बाया आल्या की आधी ते गाणं सगळ्यांना ऐकवीन. मग आवाज बंद करून तोच तुकडा पुन्हा लावीन, म्हणजे ज्याला बघायचं त्याला तोंडं बघता येतील. नदी आली की सांगेन, ही नदी त्या खड्ड्यातून आलेली नाही, तिथे पाणी लागलं नाही. गालिना मॅडमच्या मावशीबद्दल सांगेन, ती सतरा वर्षांची होती आणि तिची चिट्ठी आली नाही. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, हेही माईकवरच सांगेन. पण हे सगळं नंतर. सुरुवातीला, दिवे मालवण्याआधी, लोकांना माझं तोंड दिसत असताना मी म्हणेन, "माझ्या वडिलांकडून या सिनेमात एक चूक झाली. ती चूक आहे हे त्यांना नंतर कळलं होतं, पण त्यांना ते सांगता आलं नाही. ते मी सांगायला आले आहे."

जेवून घ्या, बाबा.

तुमचीच,
सुनी